प्रश्न कुणी लिहायचा?

२६ सप्टेंबर २०१६ला श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी३५मध्ये विद्यार्थ्यांचा हात लागलेले काही छोटे उपग्रह होते. त्यातल्या दोघांची गोष्ट शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे.

एक ‘प्रथम’. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी तो २००७मध्ये हाती घेतला. वजन दहा किलोच्या आसपास. काम होतं आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजायचं. हे इलेक्ट्रॉन जीपीएसच्या सिग्नलला उशीर करतात. तुमच्या फोनवरचा निळा ठिपका रस्ता सोडून सरकतो, त्यामागचं हे एक कारण. उड्डाणाला नऊ वर्षं लागली. सुरुवात करणारे पास होऊन गेले, ज्युनियर्सनी काम पुढे नेलं. पॅरिसची भूभौतिकी संस्थाही यात सहभागी झाली. म्हणजे प्रश्न पवईत ठरला आणि परदेशी जोडीदार त्या प्रश्नापाशी आला.

दुसरा ‘अल्सॅट-१एन’. तो अल्जेरिया आणि ब्रिटनच्या अंतराळ संस्थांनी मिळून केला. अल्जेरियाचे विद्यार्थी इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात गेले आणि उपग्रह बांधता बांधता शिकले. त्यावरची उपकरणं मात्र ब्रिटिश संस्थांची होती.

अल्जेरियाला कमी लेखायचं कारण नाही. आपणही तिथूनच सुरुवात केली. १९५८मध्ये आयआयटी मुंबई सुरू झाली, तेव्हा ३,४०० हून जास्त अर्जांमधून १०० विद्यार्थी निवडले गेले. पवईत इमारती व्हायच्या होत्या, म्हणून वर्ग वरळीला भरत. युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत रशियाकडून यंत्रसामग्री आली, ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ आले. आपल्या २७ प्राध्यापकांना तिकडे शिकायला शिष्यवृत्त्या मिळाल्या. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे त्यात ठरलेलं होतं. पण त्या मदतीतून उभ्या राहिलेल्या संस्थेतली मुलं पुढे स्वतःचा प्रश्न घेऊन अवकाशात गेली.

डेन्मार्कमधलं आलबोर्ग विद्यापीठ १९७४मध्ये स्थापन झालं, ते याच विचारावर. तिथे विद्यार्थी गट करून प्रत्येक सेमिस्टरला एक खरी अडचण घेतात आणि ती सोडवताना लागेल ते शिकतात. २०१४मध्ये युनेस्कोने या पद्धतीच्या तिथल्या केंद्राला आपलं नाव दिलं. ज्या युनेस्कोमार्फत पवईत यंत्रं आली, तीच आता शिकण्याच्या रीतीच्या पाठीशी उभी राहिली.

मी शिरढोणचा. वासुदेव बळवंत फडके १८४५मध्ये याच गावात जन्मले. त्यांचं बंड सगळ्यांना माहीत असतं. पण पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणाऱ्या या माणसाने वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासोबत पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन उभी केली, हे कमी जणांना ठाऊक असतं. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच. शाळा कुणाच्या हातात असावी, हा प्रश्न त्या तिघांनी इंग्रजी अमलात सोडवायला घेतला होता.

मी इंजिनिअरिंग केलं, तिथे फायनल इयरचे बरेच प्रोजेक्ट रेडिमेड मिळायचे. ब्लॅक बुक बाइंडिंग होऊन यायचं, व्हायवा व्हायचा, विषय संपायचा. आता कॉलेजांच्या वेबसाइटवर परदेशी विद्यापीठांशी झालेल्या करारांचे फोटो दिसतात. करार चांगलेच आहेत. पण रेडिमेड विषय लॅमिंग्टन रोडवरून आला काय किंवा युरोपातून आला काय, विद्यार्थ्याच्या वाट्याला उरते ती जुळवाजुळव.

म्हणून अशा प्रोजेक्टमध्ये जाणाऱ्यांनी विमानाच्या तिकिटाआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: पहिल्या पानावरचा प्रश्न कुणी लिहिलाय? उद्या परदेशी विद्यार्थ्यांची एखादी तुकडी शिरढोणला आली, तर तिने आमच्या मुलांसोबत आधी गावभर हिंडावं, विहिरी, गटारं आणि हायवेची कड बघावी. मग ते पान आमच्या मुलांनी मराठीत लिहावं. इंग्रजी भाषांतर दोघांनी मिळून करता येईल.