डावखुऱ्या हाताची गिटार : टोनी आयोमी आणि बर्मिंगहॅमचे कारागीर

वाद्यांचा इतिहास बहुधा वादकांच्या किंवा कंपन्यांच्या नावाने लिहिला जातो. ज्या कारागिराने वाद्य दुरुस्त केले, बदलले, पुन्हा घडवले, तो त्यात क्वचितच दिसतो. ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या गिटारींची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. हेवी मेटल हा प्रकार आपल्यापैकी अनेकांना निव्वळ गोंगाट वाटत असेल. पण त्या आवाजामागे एका जखमी हाताची आणि एका कारखानदारी शहराची कथा आहे.

आयोमी यांचा जन्म 1948 साली बर्मिंगहॅममध्ये झाला. सतराव्या वर्षी ते पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. संगीतासाठी ती नोकरी सोडायची ठरली होती. पण कामाच्या अखेरच्या दिवशीच यंत्रात सापडून उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोके गेली. ते डावखुरे असल्याने तार छेडण्याचे काम डाव्या हाताचे, आणि पडदे दाबण्याचे नेमके या उजव्या हाताचे. तेव्हा कारखान्यातील वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावरही राइनहार्ट जगप्रसिद्ध गिटारवादक झाले होते.

आयोमींनी साबणद्रवाच्या प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांसाठी टोपणे केली आणि त्यांवर चामडे चढवले. सतारवादकाची नखी तार छेडणाऱ्या बोटात असते. ही टोपणे तार दाबणाऱ्या बोटांची. त्यातून तारेचा स्पर्श कळत नसे आणि जाड तारा दाबताना त्रास होई. म्हणून त्यांनी बँजोच्या पातळ तारा गिटारीला लावून पाहिल्या. 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये अनेक गीतांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल पडल्याने बोटांना आराम मिळाला आणि आवाजही अधिक जड झाला.

त्यांची सुरुवातीची मुख्य गिटार फेंडर कंपनीची ‘स्ट्रॅटोकास्टर’ होती. 1969 च्या अखेरीस पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे काम चालू असतानाच तिचा पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विद्युत्प्रवाहात उतरवणारा भाग, बिघडला. हाताशी गिब्सन कंपनीची ‘एसजी’ होती. पुढचे ध्वनिमुद्रण तिच्यावर झाले. माकडाचे चित्र चिकटवलेली ही लाल गिटार ‘मंकी’ नावाने ओळखली जाते. डावखुऱ्यांची ही गिटार आयोमींना अदलाबदलीत मिळाली होती.

पण दुकानातून आली तशी ती राहिली नाही. बर्मिंगहॅमचे जॉन बर्च यांनी तिचे पिकअप बदलून, सुधारून दिले. पुढे त्यांनी आयोमींसाठी चोवीस पडद्यांची गिटारही घडवली. बर्च यांच्याकडे काम केलेले जॉन डिगिन्स यांनी ‘जेडी’ या आपल्या नाममुद्रेखाली ‘ओल्ड बॉय’ ही गिटार बनवली. 1980 च्या ‘हेवन अँड हेल’मध्ये ती वाजली. रूप एसजीचेच, पण घडण बर्मिंगहॅमची.

अपघाताने हेवी मेटल जन्माला घातले, असे सरधोपटपणे म्हटले जाते. ते पुरेसे नाही. तारा इतक्या उतरवण्याआधीच, 1970 च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तो काळोखा, जड सूर ऐकू येतो. तो आयोमींच्या स्वररचनेतून आलेला आहे. शिवाय कारखान्यात बोटे गमावणारे ते एकटे नव्हते. जखमेने अडचण निर्माण केली. तिच्यातून वाट काढली ती वादकाच्या चिकाटीने आणि शेजारच्या कार्यशाळांतील कसबाने.

2020 साली गिब्सनने ‘मंकी’च्या मोजक्या प्रतिकृती विक्रीस काढल्या. मूळ गिटारीवरची झीज, ओरखडे आणि ते माकडही त्यांवर हुबेहूब उतरवले होते. नाव अर्थातच गिब्सनचे आणि आयोमींचे. त्या दोन नावांशेजारी आपण बर्च आणि डिगिन्स हीही नावे लिहून ठेवली पाहिजेत.