आगीतील पोलादी कैच्या

पोलाद सुमारे 1500 अंश सेल्सिअसला वितळते. इमारतीच्या आगीत तापमान एवढे क्वचितच चढते. शेड कोसळते ती पोलाद नरम पडल्याने. ‘पोलाद वितळले’ हे वर्णन बहुधा चुकीचेच असते. प्रवरानगरपासून अहिल्यानगर जिल्ह्यात पसरलेल्या साखर कारखान्यांत पत्र्याची छपरे पेलणाऱ्या पोलादी कैच्या सर्रास दिसतात. सहज पेटणाऱ्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) गंजीलगतच्या शेडबाबत तर हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही.

कायमचे वाकण्यापूर्वी पोलाद किती ताण सोसते, याचे सूत्र आयएस 800 (2007) या भारतीय मानकात आहे. त्यानुसार ही क्षमता 215 अंशांपर्यंत पूर्ण धरतात. 560 अंशांना ती निम्मी होते, 905 अंशांना हिशेबापुरती शून्य. ताठपणा मात्र त्याआधीच घटू लागतो, त्यामुळे कैचीतील दाब सोसणारे लांब, सडपातळ अँगल प्रथम बाजूला वाकतात. जाड तुळईपेक्षा ते तापतातही लवकर. शिवाय 500 अंशांनी तापलेला 10 मीटरचा दांडा सुमारे 60 मिलिमीटर लांबतो आणि टोके जखडलेली असतील तर खांब किंवा भिंत बाहेर ढकलतो. दीर्घकाळ तापलेले पोलाद भार न वाढताही हळूहळू ताणले जाते, ते वेगळेच.

काँक्रीटचे आवरण किंवा तापल्यावर फुगणारा रंग हे मऊपण थांबवत नाही, लांबणीवर टाकतो. थंड झाल्यावर साध्या पोलादाची ताकद बरीचशी परत येते. सरळ राहिलेले भाग तपासणीनंतर पुन्हा वापरता येतात, वाकलेले बहुधा बदलावे लागतात.