परवाना शुल्क, असल्यास

प्रसार भारती कायद्याचं १७वं कलम पैशांबद्दल आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या या महामंडळाला केंद्र सरकार संसदेच्या मंजुरीने दरवर्षी काय काय देऊ शकेल, ते त्यात सांगितलंय. पहिली गोष्ट म्हणजे रेडिओ-टीव्ही बाळगणाऱ्यांकडून जमा झालेलं परवाना शुल्क, वसुलीचा खर्च वजा करून. पण शुल्कानंतर एक छोटीशी पुस्ती आहे : ‘असल्यास’. दुसरी गोष्ट म्हणजे सरकारला आवश्यक वाटतील अशा इतर रकमा.

हा कायदा झाला १९९०मध्ये. तोवर रेडिओ-टीव्हीचं लायसन्स बंद होऊन काही वर्षं उलटली होती. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी पहिल्या क्रमांकावर ठेवलेला पैसा अस्तित्वातच नव्हता, आणि ते त्यांना माहीत होतं.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. जुन्या कोडमध्ये अशा ओळी रोज भेटतात. एखादी अट कधीच खरी होत नाही, तरी ती काढायला कुणी धजत नाही. सहसा तिच्यामागे एखादी राहून गेलेली गोष्ट असते. ‘असल्यास’च्या मागेही आहे, आणि आज संध्याकाळी सातच्या बातम्यांत काय येईल याच्याशी तिचा थेट संबंध आहे.

दहा रुपयांचं गणित

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. पुढच्या महिन्यात कलकत्त्याचंही केंद्र आलं. कंपनी खासगी होती. तिच्या कमाईचा मुख्य आधार म्हणजे श्रोत्यांनी वर्षाला भरायचे दहा रुपये. त्यातला मोठा हिस्सा कंपनीला मिळायचा.

त्या काळी दहा रुपये ही लहानसहान रक्कम नव्हती, आणि रेडिओ संच तर त्याहून कितीतरी महाग. परवाने काही हजारांच्या पुढे गेलेच नाहीत. शिवाय चोरून ऐकणारे होतेच. १९३०च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६मध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं.

मधल्या काळात १९३३चा वायरलेस टेलिग्राफी कायदा आला. परवान्याशिवाय संच नुसता जवळ बाळगणं हाही आता गुन्हा ठरला. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्या व्यवस्थेत श्रोत्याने पैसे भरून कार्यक्रम विकत घेणं अपेक्षित होतं, तीत आता श्रोता सरकारकडून यंत्र बाळगायची परवानगी घेत होता. पैसे तेच, नातं बदललं.

पोस्टातलं पुस्तक

स्वातंत्र्यानंतरही हेच चालू राहिलं. आमच्या घरी आजोबांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक आहे. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. टपाल खात्याचा निरीक्षक कधीही दारात येऊन पुस्तक मागू शकायचा. आजोबांच्या पिढीतल्या लोकांना लायसन्सबद्दल विचारलं, तर कार्यक्रमांआधी या माणसाची आठवण निघते.

श्रोत्याने भरलेल्या पैशांवर त्याचा हक्क काय होता? फारसा नाही. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व प्रसारण मंत्री होते पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. सिनेसंगीत त्यांना उथळ वाटायचं, म्हणून आकाशवाणीवर ते जवळजवळ बंद झालं. ज्यांनी फी भरली होती ते लोक रेडिओची सुई सरळ रेडिओ सिलोनकडे नेऊन ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला लागले. अखेर ऑक्टोबर १९५७मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. फी भरणाऱ्याला मत नव्हतं. त्याच्या हातात फक्त सुई होती.

म्हणून ‘तेव्हा लायसन्स होतं, तेव्हा रेडिओ जनतेचा होता’ असं मी म्हणणार नाही. पैसा सरकारी तिजोरीत जायचा, आणि आकाशवाणी हा मंत्रालयाचा एक विभाग होता. आणीबाणीत लोक इमानेइतबारे लायसन्स भरत होते, आणि बातम्या सरकारला हव्या तशाच येत होत्या.

जाहिरात आली, फी गेली

१ नोव्हेंबर १९६७पासून विविध भारतीवर जाहिराती वाजू लागल्या. सुरुवात मुंबई, पुणे आणि नागपूरहून झाली. १ जानेवारी १९७६पासून दूरदर्शनवर त्या दिसू लागल्या. जुलै १९८४मध्ये ‘हम लोग’ आलं, आणि त्याच्या प्रायोजकत्वाच्या जोरावर ‘मॅगी’ घराघरांत पोचली.

पैशांचा नवा झरा सापडल्यावर घरोघरी फिरून किरकोळ रक्कम गोळा करणं सरकारला नकोसं झालं. १९८०च्या दशकाच्या मध्यावर लायसन्स पूर्ण बंद झालं. कुणी मोर्चा काढला नाही. निरीक्षकाची कटकट गेली म्हणून लोकांना बरंच वाटलं असणार. गरिबाला आणि श्रीमंताला सारखीच फी, हा अन्यायही त्याबरोबर गेला.

पण याच सुमारास दुसरा एक वाद चालू होता. आणीबाणीनंतर जनता सरकारने बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला. १९७८च्या त्याच्या अहवालात आकाशवाणी-दूरदर्शनसाठी स्वतंत्र विश्वस्त संस्थेची कल्पना होती. १९७९मध्ये अडवाणींनी विधेयक आणलं; लोकसभा बरखास्त झाली आणि ते बारगळलं. पुढे व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात मंत्री पी. उपेंद्र यांनी नवं विधेयक आणलं आणि सप्टेंबर १९९०मध्ये कायदा झाला. तो अमलात यायला १९९७ उजाडलं.

दोन गोष्टी चुकीच्या क्रमाने घडल्या. स्वायत्ततेचा कायदा होईपर्यंत स्वायत्ततेला लागणारा स्वतंत्र पैसा संपला होता. कलम १७मधली पहिली वाट बंद होती. उरली दुसरी : सरकारला आवश्यक वाटतील त्या रकमा. त्यात ‘वाटतील’ हे क्रियापद सगळ्यात महत्त्वाचं.

आकडा कोण ठरवतं?

मग फी असती तर प्रश्न सुटला असता का? ब्रिटनकडे पाहू. बीबीसी आजही लायसन्स फीवर चालते. १७ जानेवारी २०२२ रोजी सांस्कृतिक मंत्री नडीन डॉरिस यांनी कॉमन्स सभागृहात जाहीर केलं, की पुढची दोन वर्षं फी १५९ पौंडांवर गोठवली जाईल. महागाईने जनता होरपळतेय, हे त्यांचं कारण. अडचणीत सापडलेल्या पंतप्रधानांवरून लक्ष हटवण्यासाठी हे चाललंय, हा विरोधकांचा आरोप. दोन्ही बाजूंत तथ्य असू शकतं. आपल्यासाठी मुद्दा एवढाच, की फी जनता भरत असली तरी आकडा मंत्री ठरवत होत्या.

जर्मनीत वेगळी रचना आहे. २०१३पासून तिथे टीव्ही असो वा नसो, दर घरामागे वर्गणी आहे. किती पैसे लागतील याची शिफारस एक स्वतंत्र तज्ज्ञ आयोग करतो, मग सोळा राज्यांनी ती मान्य करायची. २०२०मध्ये झाक्सन-आनहाल्ट या एका राज्याने वाढ अडवली. प्रकरण संविधान न्यायालयात गेलं. २०२१मध्ये न्यायालयाने वर्गणी महिना १७.५० युरोंवरून १८.३६ युरो करायला लावली. राज्याला असं अडवता येणार नाही, कारण प्रसारणाचं स्वातंत्र्य पुरेशा पैशाशिवाय राहत नाही, हा त्यामागचा विचार.

फी की अनुदान, हा प्रश्न मला त्यामुळे दुय्यम वाटतो. खरा प्रश्न असा, की बातमी आवडली नाही म्हणून पुढच्या वर्षीचा आकडा कुणाला बदलता येतो का? जर्मनीत ते फार कठीण आहे. ब्रिटनमध्ये शक्य आहे. आपल्याकडे त्यासाठी नियम वाकवावाही लागत नाही.

पुण्याच्या बातम्या

याचा परिणाम दिसायला फार लांब जावं लागत नाही. जून २०२३मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. पुण्यात ओरड झाली. मग केंद्रीय मंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. बातम्या वाचल्या याचा आनंद आहे. पण स्वायत्त म्हणवणाऱ्या संस्थेचा निर्णय मंत्र्याच्या शब्दावर थांबतो, आणि श्रोत्यांना दाद मागायला मंत्र्याशिवाय दार नसतं, हेही त्यात दिसलं. आज थांबवणारा शब्द उद्या बंद करणाराही असू शकतो.

‘आम्ही कुठे आकाशवाणी ऐकतो?’ असं तुम्ही म्हणाल. मीही फोनवर पॉडकास्ट ऐकतो. पण आपल्या देशात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात. दरमहा पैसे न भरता टीव्ही बघणाऱ्या कोट्यवधी घरांत दूरदर्शनची ‘फ्री डिश’ आहे. तिथल्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने विकून प्रसार भारती कमाई करते. म्हणजे सार्वजनिक प्रसारकाचं पोट भरतं ते सरकारवर, जाहिरातदारांवर आणि भाडेकरूंवर. या यादीत प्रेक्षक कुठेच नाही.

पोस्टात रांग लावायची पद्धत परत यावी असं मला वाटत नाही. मोबाइल रिचार्जमधून दहा रुपये कापणंही सोपं आहे, पण तेवढ्याने काही होणार नाही. व्हायला हवं ते इतकंच : पाच वर्षांची रक्कम एखाद्या स्वतंत्र आयोगाने जाहीर हिशेब मांडून सुचवावी, संसदेने तिच्यावर उघड चर्चा करून ती एकदाच मंजूर करावी, आणि मधल्या काळात कुठल्याही मंत्रालयाला तिला हात लावता येऊ नये. सध्या प्रसार भारतीच्या पैशांचा विषय दरवर्षीच्या अर्थसंकल्पात एका ओळीत येतो आणि निघून जातो.

पस्तीस वर्षं झाली, ‘असल्यास’ हा शब्द कायद्यात तसाच आहे. ती जागा कशाने भरायची, हे संसदेने अजून ठरवलेलं नाही. आपणही तिला कधी विचारलेलं नाही.