अपराधाची परतफेड

न्यायालयांत अपराधी उभा राहतो तो सरकारपुढें. ज्याचें नुकसान झालें तो साक्षीपुरता येतो आणि निकालानंतर विसरला जातो. या रीतीला १९७४ सालीं कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत, एल्मायरा या लहानशा गांवीं, एक निराळा फांटा फुटला.

दोन तरुणांनीं मद्याच्या धुंदींत एका रात्रीं २२ ठिकाणीं नासधूस केली होती. या दोघांनीं प्रत्येक दुखावलेल्या गृहस्थास समक्ष भेटावें, असें प्रोबेशन अधिकारी मार्क यँट्झी यांनीं सुचविलें. कायद्यांत तशी वहिवाट नव्हती. न्यायाधीश गॉर्डन मॅकॉनेल प्रथम कचरले. परंतु अखेर त्यांनीं तसा हुकूम दिला. ते तरुण दारोदार गेले, आपली करणी त्यांनीं कबूल केली, लोकांची हानि त्यांच्याच तोंडून ऐकली आणि कांहीं महिन्यांत भरपाई चुकती केली.

पुढें १९८९ सालीं न्यूझीलंडनें बाल-अपराध्यांसाठीं कायद्यानेंच कुटुंबसभा योजिली. मुलगा, त्याचे आप्त, पोलीस आणि पीडित एकत्र बसून परतफेडीचा मार्ग ठरवितात. माओरी लोकांच्या कुलविचाराची तींत छाया आहे.

ही नुसती दया नव्हे. तुरुंगांत दिवस काढणाराला दुखावलेल्या माणसाचें तोंडही न पाहतां सुटतां येतें. येथें त्याच्या नजरेला नजर द्यावी लागते. मात्र पीडिताची राजीखुशी हवी. त्याच्यावर क्षमेची सक्ती झाली, तर तो दुसरा अन्याय होय.