जालन्याचे बेथेल आणि रडण्याचे झाड

धर्मांतराची चर्चा निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्यांना काय मिळाले? धान्य, शाळा, नोकरी, आणखी काही? त्यांचे काय गेले, हे सहसा कुणी विचारत नाही. जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वसाहतीचा इतिहास वाचताना मला हा दुसरा प्रश्नच महत्त्वाचा वाटत आला आहे.

बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. तोही थोरल्याच्या मागोमाग रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्याच्या घरी राहायला गेला. वडिलांनी दावा लावला आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलगा अजाण ठरवून त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पुढे वाद पेटला तो वेगळाच. ख्रिस्ती घरात जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचे की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

शाळेच्या पुस्तकात ही हकीकत आलीच, तर बाळशास्त्रींच्या सुधारकपणाचा दाखला म्हणून येते. ते योग्यच आहे. पण त्यात दोन भाऊही होते. एक कोर्टाच्या हुकमाने घरी गेला, दुसऱ्याला घराचे दार बंद झाले. त्या काळी धर्म बदललेल्या माणसाच्या नावाने घरचे पाणी सोडत, तो मेलाच असे समजत. म्हणजे जिवंत माणसांनी एकमेकांचे सुतक पाळायचे. मृत्यूच्या दुःखाला निदान कबर असते, चिता असते, चार माणसे येऊन बसतात. या दुःखाला तेवढेही नाही.

1860 च्या दशकात शेषाद्री जालन्यात आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यातले लष्करी ठाणे होते, हैदराबाद कंटिंजंटची छावणी तिथे होती. त्यांचे काम मुख्यतः मांग समाजात वाढले. गावकुसाबाहेरच्या या माणसांनी बाप्तिस्मा घेतला तरी गावात त्यांची जागा तीच राहणार, हे शेषाद्रींनी ओळखले आणि वेगळे गाव वसवायचे ठरवले. जमीन दिली निजाम सरकारने, दिवाण सर सालारजंगांच्या काळात. मुसलमान राज्याने ब्राह्मण कुळातल्या पाद्रीला मांगांच्या वस्तीसाठी जमीन द्यावी, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासात आपण पुरेशी सांगत नाही. रझाकारांच्या पलीकडे निजामशाहीचे काही आठवायचेच नाही, असे जणू ठरून गेले आहे. असो.

गावाचे नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. बायबलमध्ये याकोब घर सोडून परागंदा होतो, वाटेत उशाला दगड घेऊन झोपतो आणि स्वप्नात स्वर्गापर्यंत टेकलेली शिडी पाहतो. जागा होतो तेव्हा त्या जागेला तो बेथेल म्हणतो. घरातून तुटलेल्या शेषाद्रींना हे नाव जवळचे वाटले असेल, तर नवल नाही.

पण त्याच पुस्तकात पुढे बेथेलची आणखी एक गोष्ट येते. याकोब कुटुंबासह तिथे परततो तेव्हा त्याच्या आईची म्हातारी दाई दबोरा वारते. बेथेलच्या खालच्या अंगाला एका झाडाखाली तिला पुरतात आणि त्या झाडाचे नाव पडते रडण्याचे झाड. तिथून निघाल्यावर वाटेतच त्याची लाडकी राहेल बाळंतपणात जाते. देवाचे घर आणि रडण्याचे झाड एकाच ठिकाणी आहेत. शिडीचे स्वप्न पडले म्हणून माणसे मरायची थांबली नाहीत.

हा याकोब म्हणजे आपले हजरत याकूब. कुरआनात ते यूसुफसाठी इतके रडतात की डोळे पांढरे होतात, आणि तेच मुलांना अल्लाहच्या दयेबद्दल निराश होऊ नका असे सांगतात. रडणे म्हणजे ईमान कमी पडले, असे मय्यतीच्या घरी येऊन सुनावणाऱ्यांनी ही सूरह पुन्हा वाचावी. लाझरच्या कबरीपाशी हजरत ईसाही रडले, असे ख्रिस्ती शुभवर्तमान सांगते. त्याला आता उठवायचे आहे हे ठाऊक असूनही रडले.

महाराष्ट्रात या श्रद्धेची सर्वांत कठीण परीक्षा झाली ती बेथेलपासून दूर, पंडिता रमाबाईंची. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. 1880 साली भाऊ श्रीनिवास, 1882 साली पती बिपिनबिहारी. उरली कडेवरची मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. दुःखाने खचलेली बाई धर्माला लागली, असे म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. खचलेली बाई मिशनच्या वडीलधाऱ्यांशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर पत्रांतून वाद घालत बसत नाही. रमाबाईंनी तो घातला, आणि केडगावला मुक्ती मिशन उभे करून दुष्काळातल्या पोरक्या मुलींना घर दिले. ज्या दुष्काळाने त्यांचे घर नेले, तसल्याच दुष्काळातल्या मुली.

जुलै 1921 मध्ये मनोरमाही गेली, चाळिशीतच. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. मुलीनंतर त्या नऊ महिनेही जगल्या नाहीत, पण तेवढ्यात ते काम त्यांनी तडीस नेले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. भाषांतर त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. त्यात बेथेलची शिडी आहे आणि दबोराचे झाडही आहे.

शेषाद्री त्याआधीच, 1891 साली, परदेशाच्या फेरीत असताना समुद्रप्रवासात वारले होते. आपण शब-ए-बरातला कब्रस्तानात दिवे घेऊन जातो, तशी अनेक ख्रिस्ती कुटुंबे ईस्टरच्या पहाटे मेणबत्त्या घेऊन आपल्या माणसांच्या कबरींपाशी जमतात. ज्यांनी बेथेल वसवले, त्यांना मात्र बेथेलची माती मिळाली नाही.