अरेनीची गुहा आणि कोलाच्या बाटल्या

आमच्या निफाडकडे ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणी. बागेत घडाचं नाव नसतं, माल निघतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आर्मेनियातल्या अरेनी गावात उतरलो आणि काळ्या द्राक्षांनी भरलेली कॅरेट दिसली, तेव्हा कॅलेंडरच चुकल्यासारखं वाटलं. हे गाव समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवर. हिवाळ्यात इथल्या वेली चक्क झोपतात. आमच्या वेलींना झोप माहीत नाही, म्हणून वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते.

त्या दिवशी गावात वाइनचा उत्सव होता. पण मी येरेवानहून दोन तासांचा प्रवास केला होता तो गुहेसाठी.

आर्पा नदीच्या बाजूला उभ्या कड्यात ही गुहा आहे. इथे 2007 मध्ये उत्खनन सुरू झालं आणि 2011 मध्ये संशोधकांनी जाहीर केलं की ही जगातली आजवर सापडलेली सर्वांत जुनी वाइनरी. वाइनरी म्हटल्यावर मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. मीटरभर रुंदीचा मातीचा उथळ हौद आहे. त्याला उतार असा दिलेला, की पायांनी तुडवलेल्या द्राक्षांचा रस थेट जमिनीत बसवलेल्या रांजणात जावा. शेजारी द्राक्षाच्या बिया, सालं, वाळके देठ. खापरांवर लाल द्राक्षाला रंग देणाऱ्या माल्विडिनचे अंश मिळाले. हे द्रव्य डाळिंबातही असतं, पण डाळिंबाचा मागमूस तिथे नव्हता. काळ इ.स.पू. 4000च्या आसपास. हडप्पाचं नगर भरभराटीला यायला अजून हजाराहून जास्त वर्षं होती.

सगळे हौदाचे फोटो काढत होते. गाइडने एक गोष्ट मात्र घाईत उरकली. हौदाच्या आसपास दफनं आहेत. मडक्यांत ठेवलेल्या तीन कोवळ्या वयाच्या माणसांच्या कवट्याही गुहेत सापडल्या. ही वाइन मृतांसाठीच्या विधींची असावी, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. म्हणजे जाहिरातीत दिसतो तो हसरा, ग्लास उंचावणारा पूर्वज इथे शोधू नये.

बाहेर फलकावर ‘सहा हजार वर्षांची अखंड परंपरा’ असं लिहिलेलं. माझ्या सोबतच्या ड्रायव्हरने ते वाचून दाखवलं. शेजारच्या जॉर्जियात याहून दोन हजार वर्षं जुन्या वाइनचे अंश सापडलेत, ते असो. मला खटकला तो ‘अखंड’. सोव्हिएत नियोजनात वाइन मुख्यतः जॉर्जियाकडे गेली आणि आर्मेनियाच्या वाट्याला ब्रँडी आली. द्राक्षं शेतकरी पिकवणार, कारखाना सरकारी. मग 1985 मध्ये गोर्बाचेव यांची दारूविरोधी मोहीम, 1991 मध्ये देशच फुटला, पाठोपाठ युद्ध आणि अंधारातले हिवाळे. इतके तुकडे जोडून कोणी अखंड म्हणत असेल तर म्हणो बापडे.

महामार्गावर मात्र एक वेगळाच इतिहास ओळीने मांडलेला असतो. टेबलांवर कोलाच्या जुन्या प्लास्टिक बाटल्या, आत घरची लाल वाइन. हा रस्ता दक्षिणेला इराणकडे जातो. तिथे दारूवर बंदी. ट्रकवाल्यांना बाटली कोलाची वाटलेली सोयीची, म्हणून ही पद्धत पडली, असं सांगतात.

एका टेबलामागे सत्तरीच्या आजी बसल्या होत्या. ड्रायव्हर त्यांना ‘तातिक’ म्हणाला, म्हणजे आजीच. वडिलांच्या काळी द्राक्षं कुठे जायची, असं मी त्याच्यामार्फत विचारलं. ट्रकने कारखान्यात, त्या म्हणाल्या. मग हाताने जमिनीकडे खूण केली: तळघरात एक ‘करास’ होता. करास म्हणजे आपला रांजणच, अर्धा पुरलेला. त्यातली वाइन विकायची नव्हती. ती लग्नाला आणि मयताला.

मयताला, हे ऐकताना मला गुहेतली मडकी आठवली. त्यांना तसं काही बोललो नाही.

मी एक बाटली घेतली. वाइन आंबटसर होती, तळाशी गाळ. आमच्याकडेही द्राक्षबागा आहेत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तुमची तोडणी संपली का? मी सांगितलं, आमची फेब्रुवारीत. त्यांनी ड्रायव्हरकडे संशयाने पाहिलं आणि नीट विचार म्हणून पुन्हा विचारायला लावलं.