भांगातलं पाणी

आमची मोठी आय दांड्याची. दुपारी सुक्या बोंबलाची चटणी कुटायला बसली की दर्या वाड्यात शिरल्याची गोष्ट ठरलेली. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती म्हणे. कार्तिकातली सकाळ, खळ्यात जवळा वाळत घातलेला. वारा नाही, ढग नाही, आणि पाणी आपलं चढतच आलं. नांगरलेल्या होड्या दोर तोडून एकमेकींवर आदळल्या. पाणी आधी मागे हटलं होतं का? एकदा हो म्हणायची, एकदा नाही.

घरात कुणी मनावर घेत नसे, कारण ती हटकून सांगायची, "भांगाचे दिवस होते." उधाण पुनव-अवसेचं; भांगात कुठून येणार एवढं पाणी? काका हसायचे. आय मुसळ जोरात आपटायची.

पुढे मी तारीख शोधली. २८ नोव्हेंबर १९४५. कार्तिक वद्य अष्टमी-नवमीच्या आसपासचा दिवस, म्हणजे भांगच! चंद्राचा काही संबंधच नव्हता. पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरान किनाऱ्याजवळ ८ हून मोठा भूकंप झाला होता. अरबी समुद्राचा तळ तिथे युरेशियाच्या कडेखाली सरकतो. अडकलेला भाग एकदम सुटला, तळ हलला आणि त्यावरचं सगळं पाणी हललं. भरल्या परातीला खालून धक्का बसावा तसं. पसनी गाव उद्ध्वस्त झालं. कराचीत साडेपाचपासून लाटा येत राहिल्या आणि सगळ्यांत मोठी आली ती शेवटची, सव्वाआठला. पहिलं पाणी ओसरलं म्हणून किनाऱ्यावर परतणाऱ्यांचा घात होतो तो असा.

मुंबईतही पाणी पोचलं ते सव्वाआठच्याच सुमारास. तीन हजार मीटर खोल पाण्यात अशी लाट ताशी ६०० किलोमीटरच्या वर धावते, पण तिथल्या होडीला कळतही नाही. आपल्या किनाऱ्यासमोर तळ लांबवर उथळ आहे. पन्नास मीटर खोलीवर वेग ऐंशीवर येतो, मागचं पाणी पुढच्याला गाठतं आणि उंची वाढते. मुंबईत ती सुमारे दोन मीटर भरली. वेसावे, हाजी अली धरून पंधराएक माणसं वाहून गेली. दांडा-जुहूच्या होड्या सुटल्याची नोंदही आहे. हे काकांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "बरं, असेल."

२००४ च्या डिसेंबरात टीव्हीवर तमिळनाडूची चित्रं चालली होती. आय पुढे सरकून बसली. "वारा बघ, झाडाचं पान हलत नाही," एवढंच म्हणाली, आणि जेवायला उठली नाही.

राहिला तो जवळा. आयच्या हिशेबात दर वर्षी एक टोपली जास्त वाहून जायची. तिची धाकटी बहीण मात्र शेवटपर्यंत सांगत होती, जवळा आदल्याच दिवशी विकला होता आणि पैसे आयनंच ठेवले होते.